माहिती सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी अभ्याससाहित्य कसे निवडावे

माहिती सुरक्षेच्या एखाद्या प्रमाणपत्र परीक्षेला बसायचे ठरले की पहिल्याच आठवड्यात बहुतेकांचा संगणक भरून जातो. दोन जाडजूड पुस्तके, तीन व्हिडिओ मालिका, कोणीतरी पाठवलेल्या नोट्स, काही हजार प्रश्नांचे संच आणि मोबाइलवर दोन ॲप अशी जमवाजमव होते, आणि या जमवाजमवीलाच अभ्यास समजले जाते. दोन महिन्यांनी पाहावे तर प्रत्येक पुस्तकाची पहिली तीन प्रकरणेच वाचून झालेली असतात. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता ही त्रयी चार ठिकाणी चार वेळा वाचलेली असते, आणि डिजिटल फॉरेन्सिक्सला, म्हणजे संगणकीय पुराव्यांच्या तपासाला, हातही लागलेला नसतो.

या लेखात कोणत्याही पुस्तकाची किंवा वर्गाची शिफारस केलेली नाही, कारण अशा शिफारशी परीक्षेची आवृत्ती बदलली की निरुपयोगी होतात. समोर आलेले साहित्य घ्यावे की नाही हे स्वतः कसे तपासावे आणि ते कोणत्या क्रमाने ठरवावे, एवढाच येथे विषय आहे. उदाहरणे मुख्यतः आयएससी-टू या संस्थेच्या सीआयएसएसपी आणि कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या परीक्षांची घेतली आहेत. जेथे पद्धत अगदी वेगळी आहे तेथे इतर परीक्षांचा उल्लेख येईल.

पहिली पायरी: परीक्षेचा आराखडा वाचणे

प्रमाणपत्र देणारी संस्था आपल्या परीक्षेत काय विचारले जाईल याचा तपशीलवार आराखडा स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. आयएससी-टू त्याला एक्झाम आउटलाइन म्हणते, कॉम्पटिया एक्झाम ऑब्जेक्टिव्ह्ज म्हणते आणि इसाका एक्झाम कंटेंट आउटलाइन म्हणते. पुढचे सगळे निर्णय या मोजक्या पानांवर उभे राहतात. तरीही हजार पानांचे पुस्तक विकत घेणाऱ्या अनेकांनी ही पाने कधी उघडलेलीच नसतात.

सर्वप्रथम आराखड्यावरची आवृत्ती आणि ती लागू होण्याची तारीख पाहावी. सिक्युरिटी प्लसची एसवाय०-७०१ ही आवृत्ती ७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि आधीची एसवाय०-६०१ ही आवृत्ती ३१ जुलै २०२४ रोजी बंद झाली. मधल्या काळात दोन्ही परीक्षा देता येत होत्या, त्यामुळे एकाच नावाची पण दोन वेगळ्या आवृत्त्यांची पुस्तके शेजारी शेजारी विकली जात होती आणि अनेकांनी घाईत चुकीचे पुस्तक उचलले. सीआयएसएसपीचा आराखडा १५ एप्रिल २०२४ पासून बदलला. डोमेन, म्हणजे विषयविभाग, आठच राहिले, पण त्यांचे भारांश आणि काही उपमुद्दे हलले. आपण परीक्षा नेमकी कधी देणार आणि त्या दिवशी कोणती आवृत्ती चालू असणार, हे ठरल्याशिवाय एकही पुस्तक घेऊ नये.

त्यानंतर भारांश पाहावेत, कारण वेळ कोठे घालवायचा हे त्यांवरून कळते. सीआयएसएसपीत सर्वांत मोठ्या डोमेनला, म्हणजे सुरक्षा व जोखीम व्यवस्थापनाला, १६ टक्के आहेत आणि सर्वांत लहान दोन डोमेनना प्रत्येकी १० टक्के. आकडे इतके जवळजवळ असल्यामुळे एखादे डोमेन सोडून देण्याची चैन येथे परवडत नाही, आणि म्हणून मुख्य पुस्तक आठही विषयांत सारख्या दर्जाचे असावे लागते. सिक्युरिटी प्लसमध्ये सिक्युरिटी ऑपरेशन्सला २८ टक्के आहेत आणि मूलभूत संकल्पनांना अवघे १२. तेव्हा संकल्पनांवर शंभर पाने खर्चून ऑपरेशन्स चाळीस पानांत गुंडाळणारे पुस्तक कितीही सुबोध असले तरी या परीक्षेसाठी त्याचा तोल चुकलेला आहे.

आराखड्यातील क्रियापदांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, पण साहित्याचा प्रकार त्यांच्यावरून ठरतो. सिक्युरिटी प्लसच्या एका उद्दिष्टात नियंत्रणांच्या, म्हणजे सुरक्षेच्या उपायांच्या, प्रकारांची तुलना करायला सांगितले आहे. तेथे एक चांगला तक्ता पुरतो. दुसऱ्या उद्दिष्टाची सुरुवात 'दिलेल्या परिस्थितीत' अशी होऊन तपासासाठी माहितीचे स्रोत वापरायला सांगितले जाते; तेथे फायरवॉलच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदी प्रत्यक्ष वाचल्याशिवाय कोणतेही पुस्तक उपयोगी पडत नाही. अशी परिस्थितीवर आधारलेली सगळी उद्दिष्टे वेगळ्या रंगाने अधोरेखित करावीत. कॉम्पटियाच्या आराखड्याच्या शेवटी लघुरूपांची एक लांबलचक यादी असते, तीही छापून ठेवावी. आपण किती पाण्यात आहोत हे तपासण्याचे याहून स्वस्त साधन नाही.

दुसरी पायरी: स्वतःची झडती

आराखड्याच्या छापील प्रतीवर प्रत्येक उपमुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण करावी. जो मुद्दा पुस्तक न पाहता दोन मिनिटे दुसऱ्याला समजावून सांगता येईल त्याला एक खूण, जो ऐकला आहे पण सांगता येणार नाही त्याला दुसरी आणि जो अगदीच अनोळखी आहे त्याला तिसरी. यात मधल्या खुणेबाबत प्रामाणिक राहणे अवघड जाते, कारण रोज कानावर पडणारा शब्द आपल्याला येतो असेच वाटते. केर्बेरॉस हे जाळ्यावर ओळख पटवण्याच्या पद्धतीचे नाव कार्यालयात दररोज घेणाऱ्या माणसाला तिकीट देणारे तिकीट कोण देते आणि ते कोठे दाखवायचे असते हे विचारले, की बहुधा मधली खूण खरी ठरते.

या खुणांचा नकाशा प्रत्येकाचा वेगळा निघतो. नेटवर्क सांभाळणाऱ्याला संदेशवहनाचे प्रकरण चाळले तरी चालते, पण जोखमीचे संख्यात्मक मूल्यमापन आणि सॉफ्टवेअर विकासातील सुरक्षा यांसाठी त्याला अगदी पायापासून सांगणारे साहित्य लागते. लेखापरीक्षणातून आलेल्या व्यक्तीचे नेमके उलट असते. म्हणूनच 'मी हेच पुस्तक वाचून उत्तीर्ण झालो' या सल्ल्याला, तो देणारा कोणत्या कामातून आला आहे हे कळेपर्यंत, फारसे वजन देऊ नये.

तिसरी पायरी: परीक्षेची पद्धत पाहून साहित्याचा प्रकार ठरवणे

विषय तोच असला तरी परीक्षेचा साचा बदलला की साहित्य बदलते. सीआयएसएसपीची परीक्षा ॲडॅप्टिव्ह पद्धतीची आहे: तीन तासांत १०० ते १५० प्रश्न येतात, आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. अवघड प्रश्नावर खूण करून तो शेवटी सोडवायची सवय लावणारा सराव येथे अपायच करतो. सिक्युरिटी प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात, मागे जाता येते आणि त्यांतले काही प्रश्न काम प्रत्यक्ष करून दाखवण्याचे असतात, जसे फायरवॉलचे नियम लावणे किंवा हल्ल्याचे प्रकार जुळवणे. नुसते पर्यायी प्रश्न असलेला संच त्यासाठी अपुरा पडतो.

यंत्रणांमध्ये शिरून त्यांची सुरक्षा तपासण्याच्या ओएससीपी या परीक्षेची गोष्ट निराळीच आहे. तेथे २३ तास ४५ मिनिटे प्रत्यक्ष यंत्रणांमध्ये शिरकाव करायचा असतो आणि पुढच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यायचा असतो. त्या परीक्षेसाठी पर्यायी प्रश्नांचा संच घेणे म्हणजे पोहण्याची लेखी परीक्षा देण्यासारखे आहे; तेथे सरावाच्या यंत्रणा, स्वतःच्या नीट लावलेल्या टिपणवह्या आणि अहवालाचा आधीच तयार ठेवलेला साचा हेच अभ्याससाहित्य असते. जीआयएसी या आणखी एका संस्थेच्या परीक्षांना छापील साहित्य सोबत नेता येते, म्हणून तेथे पुस्तकांइतकीच महत्त्वाची असते ती आपण स्वतः बनवलेली विषयसूची. दुसऱ्याची तयार सूची घेऊन बसणारे परीक्षेत पाने उलटत राहतात, कारण सूची तयार करतानाच विषय डोक्यात बसतो. इसाकाच्या सीआयएसए (लेखापरीक्षण) आणि सीआयएसएम (सुरक्षा व्यवस्थापन) या परीक्षांत चार तासांत १५० पर्यायी प्रश्न असतात आणि त्यांत बरोबर वाटणाऱ्या दोन-तीन पर्यायांतून सर्वांत योग्य पर्याय निवडायचा असतो, त्यामुळे संस्थेची विचार करण्याची तऱ्हा ज्यातून कळेल असे साहित्य, शक्यतो संस्थेचेच प्रश्नसंच, तेथे अधिक उपयोगी पडतात.

चौथी पायरी: एक मुख्य पुस्तक

मुख्य पुस्तक एकच असावे आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले जावे. दुसरे पुस्तक घेतलेच तर ते अडलेला मुद्दा पाहण्यापुरते जवळ ठेवावे. यामागे वेळेच्या बचतीपेक्षा मोठे कारण आहे. सुरक्षा घटनेला प्रतिसाद देण्याचे टप्पे किती, या साध्या प्रश्नाची उत्तरे पाहा. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या एसपी ८००-६१ या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत चार टप्पे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ती मांडणीच बदलून त्याच संस्थेच्या सायबर सुरक्षा चौकटीच्या कार्यांशी जोडली आहे. सीआयएसएसपीच्या आराखड्यात शोधापासून सुरू होणारे सात टप्पे आहेत. सिक्युरिटी प्लसमध्येही सातच आहेत, पण ते सात वेगळे आहेत आणि त्यांची सुरुवात पूर्वतयारीपासून होते. यांतले कोणतेही चुकीचे नाही. मात्र तीन पुस्तकांतून तीन याद्या पाठ करणारा परीक्षार्थी, 'यानंतरचा टप्पा कोणता' या प्रश्नापुढे हमखास अडखळतो.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरची आवृत्ती पाहून थांबू नये, कारण नव्या मुखपृष्ठाखाली जुना मजकूर बऱ्याचदा तसाच राहिलेला असतो. मजकुराचे वय ओळखण्याच्या काही खात्रीच्या जागा आहेत. आयएसओ/आयईसी २७००१ या मानकाच्या परिशिष्टात ११४ नियंत्रणे आहेत असे पुस्तक सांगत असेल, तर तो मजकूर २०१३ च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. २०२२ च्या आवृत्तीत ती ९३ आहेत आणि चार गटांत विभागली आहेत. एनआयएसटीच्या सायबर सुरक्षा चौकटीची पाचच कार्ये दिली असतील, तर मजकूर फेब्रुवारी २०२४ पूर्वीचा आहे, कारण तेव्हा आलेल्या २.० आवृत्तीत शासन हे सहावे कार्य जोडले गेले. टीएलएस या जाळ्यावरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या. त्या चालतील असे लिहिणारे पान तेव्हापासून कोणी पाहिलेले नाही असे समजावे. आणि कोणी सीआयएसएसपीची दहा डोमेन असलेले पुस्तक स्वस्तात देऊ केले, तर ते २०१५ मधल्या फेररचनेच्या आधीचे आहे.

नवेपणाचा हव्यासही धरू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकांना तोंड देणाऱ्या कूटलेखनाची तीन मानके, एफआयपीएस २०३, २०४ आणि २०५, प्रसिद्ध झाली. त्यांचा तपशील पुस्तकात नाही म्हणून ते पुस्तक बाद होत नाही. परीक्षा आराखड्याप्रमाणे होते, बातम्यांप्रमाणे होत नाही.

वय ठीक निघाले की दोन उतारे वाचून पाहावेत: एक आपल्याला चांगला येणाऱ्या विषयाचा आणि एक अजिबात न येणाऱ्या विषयाचा. येणाऱ्या विषयात लेखकाची अचूकता कळते. उदाहरणार्थ, डिजिटल स्वाक्षरीच्या परिच्छेदात स्वाक्षरी खासगी किल्लीने होते आणि पडताळणी सार्वजनिक किल्लीने होते हे स्वच्छ सांगितले आहे का, आणि स्वाक्षरीने गोपनीयता मिळत नाही हे लिहिले आहे का, हे पाहावे. हॅशिंगला, म्हणजे मजकुराचा पुन्हा न उलगडणारा ठसा काढण्याला, एन्क्रिप्शनचा एक प्रकार म्हणणारे पुस्तक तेथेच मिटावे. न येणाऱ्या विषयात लेखकाची शिकवण्याची हातोटी कळते. गोपनीयता राखण्यासाठी असलेल्या बेल-लापादुला प्रारूपात वरच्या पातळीवरचे वाचायचे नाही आणि खालच्या पातळीवर लिहायचे नाही असा नियम आहे. तो नियम छापणे सोपे आहे. खाली लिहू दिले तर गुपित खाली कसे झिरपेल हे सांगितले, तरच अखंडतेसाठी असलेले बिबा प्रारूप बरोबर उलटे का हे वाचकाला स्वतःहून उमगते. उतारा वाचून पुस्तक मिटावे आणि वाचलेले कागदावर मांडून पाहावे. मांडता आले नाही तर तेच पान पुन्हा एकदा वाचून पाहावे, आणि तरीही जमले नाही तर ती लेखनशैली आपल्यासाठी नाही असे समजावे. अशा सहाशे-सातशे पानांबरोबर राहायचे असते, त्यामुळे येथे संकोच करू नये.

प्रकाशकाने शुद्धिपत्र ठेवले आहे का आणि पुस्तकाच्या शेवटी धड विषयसूची आहे का, हेही पाहून घ्यावे. शुद्धिपत्र लांब असेल तर घाबरू नये. जेथे चुका नोंदवल्या जातात तेथे कोणीतरी पुस्तक सांभाळत आहे असा त्याचा अर्थ होतो.

पाचवी पायरी: प्रश्नसंच

सर्वाधिक चुका येथे होतात. प्रश्नसंचाचा उपयोग दोन कामांसाठी असतो, शिकण्यासाठी आणि मोजण्यासाठी, आणि ही कामे एकमेकांच्या आड येतात.

शिकण्याचा भाग आधी पाहू. रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एक उतारा देऊन काहींना तो पुन्हा वाचायला लावला आणि काहींना आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा सगळे पुस्तक संपल्यावर प्रश्न सोडवू, हा नेहमीचा बेत तोट्याचा आहे. प्रत्येक प्रकरणानंतर त्याच प्रकरणाचे वीस-तीस प्रश्न सोडवता यावेत, म्हणून प्रश्नांची विषयवार आणि उपमुद्द्यानुसार विभागणी असलेला संच घ्यावा.

आता मोजण्याचा भाग. एकदा पाहिलेला प्रश्न मोजमापासाठी निकामी होतो. मी स्वतः एकदा एकच संच तिसऱ्यांदा सोडवून नव्वदीच्या पुढे गुण मिळवले आणि निर्धास्त झालो. त्याच आठवड्यात दुसरा अनोळखी संच उघडला तेव्हा सत्तरीही गाठता आली नाही. मला विषय कमी आणि प्रश्नांची वाक्ये जास्त ओळखीची झाली होती. म्हणून संच हाती येताच त्याचे दोन भाग करावेत: मोठा भाग रोजच्या अभ्यासासाठी, आणि किमान दोन पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या अगदी हात न लावता राखून ठेवलेल्या. पहिली चाचणी परीक्षेच्या साधारण महिनाभर आधी आणि दुसरी आठवडाभर आधी, घड्याळ लावून एका बैठकीत द्यावी. नोंदवहीत फक्त पहिल्या प्रयत्नातले गुण लिहावेत.

त्या गुणांची तुलना उत्तीर्णतेच्या आकड्याशी करताना सावध राहावे. सीआयएसएसपीसाठी १००० पैकी ७०० लागतात, सिक्युरिटी प्लससाठी १०० ते ९०० या पट्टीवर ७५०, आणि सीआयएसए-सीआयएसएमसाठी २०० ते ८०० या पट्टीवर ४५०. ही सगळी मापित गुणांची परिमाणे आहेत. ७०० म्हणजे ७० टक्के उत्तरे बरोबर, असा हिशेब होत नाही. सराव संचातील टक्के हे स्वतःच्या आधीच्या टक्क्यांशी आणि डोमेन-डोमेनमधल्या फरकाशी ताडून पाहण्यासाठीच असतात.

संच चांगला की वाईट हे स्पष्टीकरणांवरून ओळखावे. प्रश्नांच्या संख्येवरून काहीच कळत नाही. समजा प्रश्न असा आहे: एका कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर फायली कुलूपबंद होऊ लागल्या आहेत आणि तो लॅपटॉप कार्यालयाच्या जाळ्याला जोडलेला आहे, तर सर्वप्रथम काय करावे? पर्यायांत लॅपटॉप पुसून बॅकअपमधून पूर्ववत करणे, तो जाळ्यापासून वेगळा करणे, शिरकाव कोठून झाला याचा शोध घेणे आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे चार आहेत. 'बरोबर उत्तर: वेगळा करणे, कारण आधी प्रसार रोखावा' एवढेच सांगणारा संच फक्त उत्तर देतो. चांगला संच पुढे सांगतो की उरलेले तिन्ही उपाय योग्यच आहेत पण नंतरच्या टप्प्यांचे आहेत, लॅपटॉप लगेच पुसला तर पुरावाही जातो, आणि प्रश्नात प्रसार आधीच रोखला असल्याचे म्हटले असते तर उत्तर बदलले असते. संच घेण्यापूर्वी मोफत नमुन्यातील दहा प्रश्नांची स्पष्टीकरणे वाचावीत आणि चुकीचे पर्याय का चुकीचे हे किती ठिकाणी सांगितले आहे ते मोजावे. दहापैकी पाचांतही नसेल तर पुढे जाऊ नये.

प्रश्नांची पातळी परीक्षेला साजेशी आहे का हेही बघावे. सुरक्षित एलडीएपी (वापरकर्त्यांच्या निर्देशिकेतील माहिती विचारण्याचा प्रोटोकॉल) कोणत्या पोर्टवर चालते, ६३६ की ३८९, हा प्रश्न सिक्युरिटी प्लससाठी उपयोगी आहे. सीआयएसएसपीच्या संचात असेच प्रश्न रांगेने येत असतील तर तो संच बनवणाऱ्याने परीक्षेचा स्वभाव ओळखलेला नाही, कारण तेथे निर्णय कोणाचा, आधी काय आणि सर्वाधिक महत्त्वाचे काय, हे विचारले जाते.

'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकल्या जाणाऱ्या डम्पविषयी आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. परीक्षा देताना प्रश्न उघड न करण्याचा करार मान्य करावा लागतो, आणि त्या करारांनुसार फुटलेले प्रश्न वापरल्यास निकाल किंवा प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. नैतिकतेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी ही उत्तरे कोणी तपासलेली नसतात. आठवणीतून उतरवलेले प्रश्न अर्धवट असतात आणि त्यातला 'सर्वप्रथम' हा एक शब्द गळला की उत्तरच बदलते. शंभर टक्के उत्तीर्णतेची हमी, स्पष्टीकरणांचा पूर्ण अभाव आणि दररोज नवे प्रश्न येत असल्याचा दावा, ही त्यांची ओळख आहे. नाव 'सराव संच' असले तरी ही लक्षणे दिसताच दूर राहावे.

संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रश्न बनवून घेण्याची पद्धतही रूढ होत आहे. अडलेली संकल्पना वेगळ्या शब्दांत समजून घ्यायला तिचा उपयोग होतो. मात्र ती मानकांचे क्रमांक आणि नियंत्रणांची नावे अतिशय आत्मविश्वासाने चुकवू शकते, त्यामुळे अशा प्रश्नांचे उत्तर मुख्य पुस्तकात सापडल्याशिवाय वहीत उतरवू नये, आणि मोजमापासाठी तर त्यांचा वापर करूच नये.

सहावी पायरी: व्हिडिओ, मूळ दस्तऐवज आणि प्रयोग

व्हिडिओ मालिका पहिल्या ओळखीसाठी चांगली असते, विशेषतः जेथे काहीतरी क्रमाने घडते, जसे टीएलएसचा हस्तांदोलनाचा (दोन संगणकांनी जोडणी ठरवण्याचा) क्रम किंवा डिजिटल प्रमाणपत्रांची साखळी. ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, ही तिची मोठी अडचण आहे. झडतीत अनोळखी ठरलेला एखादा मुद्दा निवडून त्यावरचा एकच भाग पाहावा आणि प्रत्येक भाग आराखड्याच्या कोणत्या क्रमांकाशी जोडलेला आहे हे दिले आहे का ते बघावे. ज्या विषयांना आपण पहिली खूण केली आहे त्यांचे व्हिडिओ सरळ सोडून द्यावेत.

मूळ दस्तऐवजांच्या बाबतीत बहुतेक जण दोन टोके गाठतात: काही जण ते उघडतच नाहीत आणि काही जण सगळेच उतरवून घेतात. एनआयएसटीची प्रकाशने विनामूल्य मिळतात. त्यांतले शून्य-विश्वास रचनेवरचे (कोणालाही आपोआप विश्वासू न मानणाऱ्या रचनेवरचे) एसपी ८००-२०७ हे छोटेखानी आहे आणि मुळातून वाचण्यासारखे आहे. आपत्कालीन नियोजनावरच्या एसपी ८००-३४ मधले व्यवसायावरील परिणामाच्या विश्लेषणाचे प्रकरण अनेक पुस्तकांपेक्षा स्पष्ट आहे. एसपी ८००-५३ ची पाचवी आवृत्ती मात्र सुमारे पाचशे पानांची आहे; नियंत्रणांच्या वीस कुटुंबांची नावे आणि एखाद्या कुटुंबाची रचना पाहून ती मिटावी. आयएसओची मानके विकत घ्यावी लागतात, आणि केवळ परीक्षेसाठी तो खर्च करण्याची गरज नसते. आयएससी-टूच्या आचारसंहितेची चार मुख्य सूत्रे मात्र मूळ शब्दांत आणि त्याच क्रमाने वाचावीत. समाजाचे हित पहिले येते आणि व्यवसायाचे हित शेवटी. दोन कर्तव्ये एकमेकांशी भिडली की हा क्रमच उत्तर ठरवतो.

प्रयोगांसाठी खास साहित्य विकत घेण्यापूर्वी घरच्या संगणकावर काय जमते ते पाहावे. दोन व्हर्च्युअल मशिन (संगणकातच चालणारे आभासी संगणक), जाळ्यावरची वाहतूक दाखवणारे वायरशार्क, जाळे स्कॅन करणारे एनमॅप आणि किल्ल्या व डिजिटल प्रमाणपत्रे बनवणारे ओपनएसएसएल एवढ्यावर सिक्युरिटी प्लसची बरीचशी परिस्थितीवर आधारित उद्दिष्टे हाताळता येतात: स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र तयार करणे, हस्तांदोलनाची डेटा पाकिटे पाहणे, चुकीच्या लॉगइनच्या नोंदी शोधणे. हे प्रयोग स्वतःच्या मालकीच्या यंत्रणांवर किंवा त्यासाठीच मुद्दाम असुरक्षित बनवलेल्या यंत्रणांवरच करावेत. दुसऱ्याच्या जाळ्यावर लेखी परवानगीशिवाय केलेले साधे स्कॅनही अनेक देशांत गुन्हा ठरू शकते. व्यवस्थापनाकडे झुकणाऱ्या परीक्षांत प्रयोगाची जागा कागद घेतो. एका काल्पनिक संस्थेची जोखीम-नोंदवही स्वतः भरून पाहावी. १०,००,००० मूल्याच्या मालमत्तेचे एका घटनेत २० टक्के नुकसान होत असेल आणि घटना पाच वर्षांतून एकदा घडत असेल, तर एका घटनेचे नुकसान २,००,००० आणि वार्षिक अपेक्षित नुकसान ४०,००० येते. मग वर्षाला ६०,००० खर्चाचे नियंत्रण का नाकारायचे, आणि तरीही ते कधी स्वीकारावे लागते, हे असे भरताना कळते.

सातवी पायरी: सगळे एका तक्त्यात

आराखड्यातील प्रत्येक उपमुद्द्यासाठी तक्त्यात एक ओळ करावी. तिच्यात आपली खूण, मुख्य पुस्तकातील पाने आणि प्रश्नसंचातील विभाग लिहावा. हे काम एका सुटीच्या दिवशी पुरे होते. बहुतेक ओळी मुख्य पुस्तकानेच भरतात. ज्या रिकाम्या किंवा एका परिच्छेदावर भागलेल्या दिसतील, तेवढ्यांसाठीच व्हिडिओ, मूळ दस्तऐवज किंवा प्रयोग शोधावा. त्यानंतर कोणीही कितीही उत्तम साहित्य सुचवले तरी, ते तक्त्यातील कोणत्या ओळीसाठी आहे हे सांगता आले नाही तर ते घेऊ नये. परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत तर राखून ठेवलेल्या चाचण्यांखेरीज काहीही नवे उघडू नये.

परीक्षेत अपयश आले तर हाच तक्ता पुन्हा काढावा. आयएससी-टू अनुत्तीर्णांना डोमेनवार पातळी कळवते आणि कॉम्पटियाच्या गुणपत्रकावर चुकलेल्या प्रश्नांची उद्दिष्टे छापलेली असतात. ती तक्त्यातील ओळींवर उतरवली की साहित्य कमी पडले की आपण ते वाचलेच नव्हते हे दिसते. सीआयएसएसपीच्या पहिल्या अपयशानंतर ३० दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत दुसरे जाड पुस्तक आरंभापासून वाचून होत नाही, पण कमी पडलेल्या दोन-तीन डोमेनची प्रकरणे दुसऱ्या लेखकाच्या शब्दांत वाचून होतात. त्यासाठी पुस्तक उसने मिळाले तरी पुरते. प्रश्नसंच मात्र या वेळी नवा घ्यावा, कारण जुन्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आता पाहून झालेला असतो.